डिझेल स्वच्छ झालं, मग धूर कुठून येतो?

गेल्या महिन्यात एक ट्रकमालक तपासायला आले होते. वय ५८. बिडी नाही, सिगारेट नाही, तंबाखूसुद्धा नाही. पण उभं आयुष्य गॅरेजमध्ये, हायवेवर आणि चालू इंजिनाच्या मागे-पुढे गेलेलं. एक जिना चढला की धाप लागते, सकाळी उठल्यावर अर्धा तास खोकला. स्पायरोमेट्री केली, सीओपीडी निघाला. इन्हेलर कसा ओढायचा हे मी त्यांना दाखवत होतो, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. बोलता बोलता ते पलीकडच्याला म्हणाले, "त्या गाडीला पण युरियाचं किट बसवून टाक."

फोन ठेवल्यावर मी विचारलं, कसलं किट? त्यांनी अगदी मोकळेपणानं सांगितलं. नव्या ट्रकमध्ये ॲडब्लू नावाचं युरियाचं पाणी घालावं लागतं. त्याचा खर्च वाचवायला एक छोटं यंत्र बसवतात. ते गाडीच्या कॉम्प्युटरला खोटंच सांगतं की युरिया चालू आहे. "सगळेच बसवतेत की ओ सर. महिन्याला चांगले पैसे वाचतेत."

मी पुढे काही बोललो नाही, बाहेर पेशंट थांबले होते. पण त्या दिवशी घरी जाताना डोक्यातून ते जाईना. हा माणूस माझ्याकडून नळ्या उघडायचं औषध घेऊन जातोय आणि स्वतःच्याच गाड्यांना नळ्या बंद करायचं यंत्र बसवतोय. म्हणून आजचा लेख थोडा रागात लिहिलेला आहे. साखर, बीपी, थायरॉइड नेहमीचंच आहे, आज तेलाबद्दल बोलू.

तुमच्या टाकीतलं तेल कुठून येतं?

पुण्याकडून रेल्वेने येताना सोलापूरच्या अलीकडे पाकणीला तेलाच्या मोठमोठ्या टाक्या दिसतात. तिथपर्यंत जमिनीखालून एक पाइपलाइन आली आहे. हिंदुस्तान पेट्रोलियमची मुंबई–पुणे–सोलापूर पाइपलाइन, पाचशे किलोमीटरच्या घरातली. तिचं दुसरं टोक मुंबईत माहुलला आहे. माहुलची ही रिफायनरी १९५४ सालची, शेजारची भारत पेट्रोलियमची १९५५ सालची. म्हणजे सात रस्त्यावर तुमच्या पुढच्या गाडीतून जो धूर तुमच्या तोंडावर येतो, त्यात काय असायचं आणि काय नसायचं, हे बऱ्याच अंशी माहुलमध्ये ठरतं.

कच्च्या तेलात गंधक असतं. आखाती तेलात तर भरपूर. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्याकडे डिझेलमध्ये एक टक्क्यापर्यंत गंधक चालत असे. दहा लाख भागांत १०,००० भाग. पुढे पायरी-पायरीने ते उतरत गेलं: बीएस-२ मध्ये ५००, बीएस-३ मध्ये ३५०, बीएस-४ मध्ये ५०. आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६, म्हणजे फक्त १०. युरोपात ही मर्यादा २००९ पासून आहे. आज पाकणीतून निघणारा टँकर आणि जर्मनीतल्या एखाद्या पंपावरचा टँकर यांत गंधकाच्या बाबतीत फरक नाही. हे किती लोकांना माहीत आहे? १ एप्रिल २०२० ला आपण सगळे लॉकडाऊनमध्ये घरात बसून भांडी वाजवून झाली होती आणि दिवे लावायचे अजून बाकी होते. इतका मोठा बदल झाला आणि रस्त्यावर तो बघायला गाडीच नव्हती.

गंधक काढायचं म्हणजे तेल गाळायचं नसतं. डिझेल साडेतीनशे अंशांच्या आसपास तापवतात, प्रचंड दाबाखाली त्यात हायड्रोजन सोडतात आणि कोबाल्ट-मॉलिब्डेनमसारख्या धातूंच्या उत्प्रेरकावरून ते नेतात. गंधक तेल सोडून हायड्रोजनला चिकटतं आणि हायड्रोजन सल्फाइड वायू बनून बाहेर पडतं. त्या वायूपासून दुसऱ्या यंत्रात पिवळंधमक गंधक परत मिळवतात. ते खत आणि आम्ल बनवणाऱ्या कारखान्यांना जातं. आपल्या जिल्ह्याला गंधक काही परकं नाही. द्राक्षावर भुरी पडली की आपण गंधक फवारतो, साखर पांढरी करायला कारखान्यात गंधकच जाळतात. गंधकाला जागा आहेत. तुमच्या पोराचं फुफ्फुस ही त्यातली जागा नव्हे.

त्यासाठी जुन्या रिफायनऱ्यांमध्ये हायड्रोजन तयार करणारे विभाग, डिझेल शुद्ध करणारे विभाग, गंधक परत मिळवणारे विभाग नव्याने उभे करावे लागले. बीएस-६ साठी तेल कंपन्यांनी देशभरात मिळून सुमारे ३५ हजार कोटी रुपये घातल्याचं सांगितलं गेलं. आकडा ऐकून डोळे पांढरे होतात, म्हणून मी कागद-पेन घेऊन बसलो. बीएस-६ आलं त्या सुमारास देशात पेट्रोल आणि डिझेल मिळून वर्षाला साधारण १४ हजार कोटी लिटर जळत होतं. ३५ हजार कोटी दहा वर्षांवर पसरले तर लिटरमागे पंचवीस पैसे. व्याज आणि चालवण्याचा खर्च धरून दुप्पट-तिप्पट करा, तरी रुपयाच्या आतच. माझ्याकडे येणाऱ्या सीओपीडीच्या पेशंटचा एका महिन्याच्या इन्हेलरचा खर्च किती होतो ते तुम्हीच मेडिकलवाल्याला विचारा.

गंधक गेलं तर मला काय मिळालं?

इथे नीट लक्ष द्या, कारण सगळा गोंधळ इथेच आहे. गंधक जळलं की सल्फर डायऑक्साइड होतो. तो दमेकऱ्याच्या नळ्या आवळतो, हवेत त्याचे बारीक सल्फेटचे कण होतात. ते कमी झालं हा फायदा आहेच. पण खरा फायदा दुसरा आहे. गंधक हे गाडीच्या धुराड्यातल्या उत्प्रेरकाचं विष आहे. प्लॅटिनमच्या ज्या पृष्ठभागावर धूर शुद्ध व्हायचा, त्यावरच ते जाऊन बसतं. ३५० गंधकाच्या डिझेलवर काजळी पकडणारा डीपीएफ फिल्टर टिकतच नाही. म्हणून आधी तेल स्वच्छ व्हावं लागतं, मग गाडीत फिल्टर बसवता येतो, आणि मग तुमची छाती वाचते. या तीन पायऱ्या आहेत, रिफायनरीने पहिली चढून दिली.

ही काजळी काय करते? डिझेलच्या धुरातले बरेचसे कण इतके बारीक असतात की ते नाकात, घशात अडकत नाहीत. थेट फुफ्फुसाच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत जातात आणि तिथून त्रास रक्तवाहिन्यांपर्यंत पोचतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसात निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकला. तंबाखू ज्या गटात आहे त्याच.

आणि हृदय. एडिंबराच्या संशोधकांनी २००७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. पूर्वी हार्ट अटॅक येऊन गेलेल्या, पण आता स्थिर असलेल्या २० पुरुषांना एक तास पातळ केलेला डिझेलचा धूर दिला, मधे मधे सायकल चालवायला लावली. नुसत्या स्वच्छ हवेच्या तुलनेत धुरात त्यांच्या ईसीजीवर हृदयाला रक्त कमी पडण्याची लक्षणं जास्त दिसली. मग २०११ मध्ये त्याच गटाने निरोगी स्वयंसेवकांवर दुसरा प्रयोग केला. तोच धूर, पण कण पकडणाऱ्या फिल्टरमधून सोडलेला. रक्तवाहिन्यांवरचा वाईट परिणाम आणि रक्ताची गुठळी होण्याची वाढलेली प्रवृत्ती, दोन्ही फिल्टरमुळे कमी झाली. एवढा सरळ पुरावा आम्हा डॉक्टरांना सगळ्याच औषधांबाबत मिळतो असं नाही.

आता हाच फिल्टर "गाडी ओढत नाही" म्हणून काढून टाकायचा धंदा जोरात आहे. एका गॅरेजमध्ये मला स्वतःला हा सल्ला मिळालाय. डॅशबोर्डवर दिवा लागला म्हणून गाडी नेली होती. "डॉक्टर, पोकळ करून देतो, परत कधी दिवा लागणार नाही." मी छातीचे पेशंट बघतो हे त्याला माहीत होतं. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, तो माझ्या भल्याचंच बोलत होता! दिवा का लागला होता? कारण माझी गाडी रोज घर ते दवाखाना चार किलोमीटर फिरते. फिल्टरमध्ये साठलेली काजळी जळायला इंजिन वीस-पंचवीस मिनिटं एका वेगानं पळावं लागतं. मोहोळपर्यंत जाऊन आलो, दिवा गेला. तुमचा वापर फक्त गावातल्या गावात असेल तर डिझेलची गाडी घेऊच नका, हा माझा स्पष्ट सल्ला. घेतलीच असेल तर दोन आठवड्यांतून एकदा हायवेला काढा. पण फिल्टर पोकळ करणं म्हणजे किडनी गाळताना थकते म्हणून किडनीच काढून टाकण्यासारखं आहे.

ट्रकमधल्या युरियाचंही तेच. ते पाणी गरम धुरात फवारलं की नायट्रोजन ऑक्साइडचं साधं नायट्रोजन आणि पाणी होतं. युरिया बंद म्हणजे ते वायू जसेच्या तसे हवेत. उन्हात त्यांचाच जमिनीलगतचा ओझोन बनतो, आणि ऊन आपल्याकडे किती असतं हे मी सोलापूरकरांना सांगायला नको. हा ओझोन दमेकऱ्याच्या नळ्यांना सोलून काढतो. गाडीच्या मूळ रचनेत असा बदल करणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे बेकायदा आहे. तरी किट मिळतं, बसवून मिळतं आणि त्याचा भावही सगळ्यांना पाठ आहे.

आपल्याला हे आधी मिळालं होतं

सोलापूर या बाबतीत मागे राहिलेलं गाव नव्हतं, हे सांगितलं की लोकांचा विश्वास बसत नाही. हवा खराब असलेल्या शहरांच्या ज्या यादीवर २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लक्ष घातलं, त्यात मुंबई, चेन्नई, कोलकाता यांच्याबरोबर आपलं नाव होतं. त्याच वर्षी डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या समितीच्या शिफारशींवरून देशाचं वाहन इंधन धोरण ठरलं. मोठ्या आणि जास्त प्रदूषित शहरांना आधी चांगलं तेल, बाकी देशाला मागून. २०१० मध्ये दिल्ली परिसर आणि तेरा शहरांना बीएस-४ मिळालं, त्यात सोलापूर होतं. नागपूर, नाशिक नव्हते, आपण होतो.

माशेलकरांबद्दल मला पूर्ण आदर आहे, आणि सगळ्या रिफायनऱ्या एका रात्रीत बदलता येत नाहीत हेही कळतं. पण शहरापुरतं स्वच्छ तेल ही कल्पनाच लंगडी होती. शहराच्या पंपावर ५० गंधकाचं डिझेल, आणि वेशीबाहेर पडलं की ३५० चं. पुणे–हैदराबाद रस्ता आणि विजापूरचा रस्ता आपल्या अंगावरून जातो. ट्रकवाला सोलापुरात टाकी भरेल कशाला? तो जिथे स्वस्त तिथे भरणार, बहुतेक वेळा कर्नाटकात. धूर मात्र इथे सोडणार. यादीत नाव आलं, छातीत फरक पडला नाही.

२०१४ मध्ये दुसऱ्या तज्ज्ञ समितीने सांगितलं की बीएस-६ ला २०२४ उजाडेल. जानेवारी २०१६ मध्ये सरकारने ठरवलं, बीएस-५ गाळायचं आणि २०२० लाच सहावर जायचं. वाहन उद्योगाने आरडाओरडा केला. तारीख गाठली गेली. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ३१ मार्च २०२० नंतर बीएस-४ गाडी विकायची नाही असं बजावलं होतं. म्हणजे जे दहा वर्षं "शक्य नाही" होतं ते चार वर्षांत झालं. मग आधीची वर्षं शक्य नव्हतं की कुणाला घाई नव्हती? त्या वर्षांत हायवेलगत वाढलेली मुलं आता वीस-बावीसची झाली आहेत. त्यांतली काही माझ्याकडे इन्हेलर लिहून न्यायला येतात.

"डॉक्टर, सोलापुरात तर नुसती धूळच आहे"

हे मला दर आठवड्याला ऐकायला मिळतं, आणि ते खरंही आहे. उखडलेले रस्ते, कोरडी हवा, बांधकामं. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत आपलं नाव आहे ते मुख्यतः मोठ्या कणांमुळे. पण रस्त्याची धूळ बरीचशी नाकात, घशात अडकते, शिंकेत-खोकल्यात बाहेर पडते. डिझेलची काजळी नाकात अडकत नाही. धूळ दिसते म्हणून आपण तिला घाबरतो, आणि जी दिसत नाही ती खोलवर जाते. दोन्हीचा बंदोबस्त हवा. धुळीचं कारण देऊन धुराला माफी नको.

भेसळीचंही बोललं पाहिजे. जुन्या मानकात केरोसिनमध्ये पाव टक्क्यापर्यंत गंधक चालत असे, म्हणजे २,५००. हिशेब करा: अशा केरोसिनचं एक लिटर शंभर लिटर डिझेलमध्ये घातलं की दहाचं गंधक पस्तीसच्या आसपास जातं. हजारो कोटींनी माहुलला जे काढलं ते एका डब्यानं परत आलं. भेसळखोरीची ताकद किती होती हे महाराष्ट्राने पाहिलं आहे. २५ जानेवारी २०११ ला मनमाडजवळ अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भर दिवसा जिवंत जाळलं. रेशनचं रॉकेल आता खूप कमी झालं, तरी तेलात स्वस्त काहीतरी मिसळायचा मोह गेलेला नाही. पंपावर घनता विचारण्याचा, फिल्टर पेपरवर पेट्रोलचा थेंब टाकून बघण्याचा तुम्हाला हक्क आहे. डाग न ठेवता थेंब उडून गेला पाहिजे. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न वाजवला तर वाजवू द्या.

आणि पीयूसी! एकदा माझ्या गाडीचं प्रमाणपत्र मला गाडीत बसल्या बसल्या मिळालं. धुराड्यात नळी घातलीच नाही, नंबर प्लेटचा फोटो काढला आणि कागद हातात. पीयूसी नसेल तर १० हजारांपर्यंत दंड आहे, म्हणून लोक कागद घेतात, तपासणी कुणालाच नको असते. खरी तपासणी केली तरी ती डिझेल गाडीच्या धुराचा काळेपणा मोजते. नायट्रोजन ऑक्साइड मोजत नाही, बारीक कण मोजत नाही. फिल्टर काढलेली गाडी त्यातून सुटू शकते. रक्तदाब न मोजता १२०/८० लिहून देणाऱ्या डॉक्टरला तुम्ही काय म्हणाल? परिवहन खात्याने रस्त्यावर ट्रक थांबवून डीपीएफ आणि युरियाची जोडणी उघडून बघायला हवी. त्याला कुठलंही नवं संशोधन लागत नाही, एक जाणकार मेकॅनिक आणि इच्छा लागते.

माहुलचे लोक

एक गोष्ट न सांगता पुढे गेलो तर ती लबाडी होईल. आपल्यासाठी तेल स्वच्छ करणाऱ्या रिफायनरीच्या दारात लोक राहतात. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवून मुंबईतल्या हजारो कुटुंबांना माहुलच्या इमारतींत नेलं गेलं. तिथे श्वासाचे आणि त्वचेचे त्रास सुरू झाल्याचं रहिवासी सांगत राहिले. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आणखी कुणाला तिथे पाठवू नका आणि जे गेलेत त्यांना दुसरीकडे राहायला भाडं द्या असा आदेश दिला. २०२० मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने दोन रिफायनऱ्या आणि दोन साठवण कंपन्यांना मिळून २८६ कोटींची भरपाई ठोठावली. टाक्यांतून, जोडांतून, जहाजात भरताना उडणाऱ्या बाष्पांसाठी. त्या बाष्पांत बेंझीनसारखे पदार्थ असतात, आणि बेंझीनमुळे रक्ताचा कर्करोग होतो हे आम्ही एमबीबीएसला शिकलो.

म्हणून "रिफायनरी आधुनिक झाली" असं कुणी छाती फुगवून सांगितलं की मी दोन प्रश्न विचारतो. नळातून येणारं तेल स्वच्छ झालं ना? आणि चिमणीतून, टाकीच्या झाकणातून, गटारातून जे बाहेर पडतं ते? पहिल्याचं उत्तर चांगलं आहे. दुसऱ्याचं उत्तर कंपनीच्या जाहिरातीत नाही, कुंपणावरच्या मोजणी यंत्रात मिळायला हवं, आणि ते आकडे शेजारच्या बाईला मोबाइलवर दिसले पाहिजेत. बारसूच्या लोकांचे प्रश्नही यापेक्षा फार वेगळे नव्हते. त्यांना विकासविरोधी म्हणून मोकळं होणं सोपं आहे.

तुम्ही पेशंट म्हणून काय करायचं ते थोडक्यात सांगतो. हायवेच्या कडेनं पहाटेचा फेरफटका मारू नका. पहाटे थंडीत हवा खाली दबलेली असते आणि रात्रभराच्या ट्रकांचा धूर तिथेच असतो. सिद्धेश्वर तलाव किंवा घराजवळची बाग बघा, ऊन जरा वर आल्यावर जा. रिक्षा, ट्रॅफिक, गॅरेज अशा कामात असाल आणि खोकला दोन आठवड्यांवर गेला तर "धुळीचा आहे" म्हणून अंगावर काढू नका, स्पायरोमेट्री करून घ्या, टीबीचीही तपासणी करा. सिग्नलला गाडी बंद करा. शाळेच्या दारात पोराची वाट बघताना एसी चालू ठेवून डिझेल गाडी सुरू ठेवणाऱ्या पालकांना मी बऱ्याचदा काचेवर टकटक करून सांगतो. काही ऐकतात, एकानं मला "तुमचं काय जातंय?" विचारलं.

त्या ट्रकमालकांना मी मागाहून फोन केला आणि जे इथे लिहिलंय तेच, यापेक्षा कमी शब्दांत सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "ड्रायव्हर पोरं पण त्याच धुरात झोपतेत की." पुढच्या महिन्यात ते फेरतपासणीला येतील. येताना इन्हेलर सोबत आणा, ओढायची पद्धत बघायची आहे, आणि किती गाड्यांचं किट काढलं तेही सांगा, असं सांगून ठेवलंय. त्यांच्या चार गाड्या आहेत.